मूळ गाव न विचारता

कोपरखैरणे

प्रिय आई,
तुला वाकून नमस्कार.

माझा खोकला आता बराच कमी आहे, काळजी करू नकोस. निशांत शाळेतून डबा संपवून आणतो.

आणि आई, आमचं जमलं! एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांसाठी मी ऑनलाइन गट तयार करत होते ना, बाहेरच्या कुणाला न दिसणारा? तो अखेर बोलू लागला.

घोळ माझाच होता. आत येणाऱ्याला टोपणनाव घ्यायला सांगितलं, पण पुढे आपुलकीनं 'मूळ गाव' विचारलं, तू पाहुण्यांना विचारतेस तसं. लोक तिथूनच परत जात. शेवटी 'अबोली' नाव घेतलेल्या बाईंनी मला एकटीला लिहिलं, "मॅडम, गाव सांगितलं की आडनाव निघतं, आडनाव निघालं की कुणाचा तरी मामा निघतो. मग मी घरी काय तोंड दाखवू?"

हे मला आधी का सुचलं नाही? गाव काढलं आणि तुझाच दुसरा प्रश्न ठेवला: जेवलात का?

काल अबोलीबाईंनी सगळ्यांसमोर लिहिलं, "जेवले. गोळीपण घेतली. हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतेय."

धडाधड उत्तरं आली. "आमीपण घेतली!" "जेवायला काय होतं?" "बोंबील असतील तर पत्ता टाका."

"रेसिपी देते, पत्ता नाही!" अबोलीबाई म्हणाल्या. मी खुर्चीतून उठून चक्क नाचले.

हे तुला कळवू का, असं त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांनी तुला नमस्कार सांगितलाय.

आता तू सांग, जेवलीस का? आणि बीपीची गोळी? खरं सांग.

तुझीच,
वैदेही