अप्पा एण्णी किती घालायचे

अप्पा,

तुमची फटफटी आता माझ्याकडे नाही. कुठं गेली ते सांगतो, पण आधी का गेली ते सांगायला हवं, आणि ते सांगायची मला लाज वाटते. तुम्ही गेल्यापासून ती माझ्या कलबुर्गीच्या घरात जिन्याखाली, जुन्या चादरीत गुंडाळून उभी होती. मुलगा म्हणून कागद माझ्या नावावर झाले. त्यात तुमच्या थोरल्या लेकीला, अक्काला, काही विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच. तसली टू-स्ट्रोक गाडी आता रस्त्यावर क्वचित दिसते. धूर फार म्हणून ती बनायची कधीच थांबली, आणि पंपावर पेट्रोलबरोबर तेल मागितलं तर तिथलं पोरगं येड्याकडं बघावं तसं बघतं. मी स्वतः बटन दाबलं की चालू होणारी स्कूटर वापरतो. ती चालू झाली की नाही हे वाकून ऐकावं लागतं. ऑफिसात मी आलो काय आणि गेलो काय, कुणाला पत्ता लागत नाही.

तुमचा लागायचा. खटकचिंचोळीच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही कंपौंडर, आणि औषधाची पेटी मागं बांधून आजूबाजूची सगळी गावं फिरायचात. गाडी वेशीच्या अलीकडं असतानाच बायका म्हशीला सांगायच्या, "आलं बघ डाक्टर." उतारावर तुम्ही हात सैल सोडला की इंजिनाचा आवाज सुटा सुटा व्हायचा, टिणिंग, टिणिंग, जणू कुणी घंगाळ्यावर नखानं वाजवतंय. तुम्ही दारात उतरून चपला काढेपर्यंत मागचा निळसर धूर घरात शिरलेला असायचा. आई चुलीपाशीच म्हणायची, "भाकरीला बी धुराचा वास यायलाय. त्या भवानीलाच आणून बसवा की चुलीपुढं." तुम्ही म्हणायचात, "बसविलो आसतो. पर तिला भाकरी थापायला येत न्हाई." आई हसायची नाही, पण त्या दिवशी तुमच्या ताटात पहिली भाकरी चांगली फुगलेली असायची.

सकाळचं मला अजून दिसतं. त्या गाडीला तेल पेट्रोलातच मिसळून द्यावं लागतं, दोन्ही मिळून जळतात, म्हणून तो धूर आणि म्हणूनच तो वास. तुम्ही टाकीचं झाकण उघडता, डबीतून तेल ओतता, आणि अक्का दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी डावीकडं-उजवीकडं झुलवते. टाकीत पेट्रोल डचमळतं. तुम्ही मान तिरकी करून ऐकता आणि म्हणता, "आजून." ती अजून झुलवते. "बास, मिसळलं." मी ओट्यावर बसलेला, शाळेचा शर्ट काळा होईल म्हणून लांब. शेजारचे कन्नड बोलणारे काका जाता जाता तुम्हाला रोज एकच विचारायचे, "एण्णी हाकिदिरेनु?" म्हणजे, एण्णी घातली का? एण्णी म्हणजे तेल आणि आपल्याकडं दारूही एण्णीच. तुम्ही आयुष्यात एक थेंब घेतला नाही, तरी रोज तितक्याच खुशीत उत्तर द्यायचात, "गाडीला झाली, आता माझी राहिली."

किक मारायला तुम्ही आधी मलाच शिकवलं, अक्काला नाही. मी पाय टाकला आणि किकनं उलटा असा दणका दिला की नडगी सुजून आली. मी लंगडत घरात गेलो तो परत गाडीच्या वाटेला गेलो नाही. पण तुम्ही कुठं आडोशाला गेलात की मात्र मी स्टँडवरच्या गाडीवर बसून केस नीट करायचो, रस्त्यानं कुणी जातंय का बघायचो. एकदा तुम्ही मागून आलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "तुला गाडी न्हाई पायजे रं. गाडीवर बसल्यालं दिसायला पायजे." त्यानंतर तुम्ही अक्काला शिकवायला लागलात. आपल्या शेताकडच्या कच्च्या वाटेवर, तुमचा जुना पायजमा घालून, ती धुरळा उडवत जायची आणि परत यायची. गावात कुजबुज झाली. आईनं धसका घेतला, कोण करून घेईल म्हणून. मग अक्काचं जनवाड्याला लग्न झालं, आणि तिथं फटफटीचा विषय कुणी काढला नाही, तिनंही नाही.

आता अलीकडचं. आमच्या गल्लीत गॅरेज आहे. तिथल्या माणसानं जिन्याखालची चादर उचलून पाहिली आणि माझ्याच मागं लागला. म्हणाला, "काका, ह्या गाड्यांसाठी पोरं येडी झाल्यात." खरंच झाली आहेत. ज्यांच्या जन्माआधी या गाड्या बंद झाल्या ती पोरं गावोगाव फिरून, कोंबड्या बसतात ते सांगाडे उचलून आणतात, रंगवतात आणि रविवारी मैदानावर जमून नुसती गाड्या चालू करून ऐकत उभी राहतात. त्यांना आताची बिनधुराची चार-स्ट्रोक गाडी देऊन बघा, ती विकत घेतील, पण तिचा आवाज ऐकायला कुणी जमणार नाही. गॅरेजवाल्यानं तुमची गाडी सुरू केली तेव्हा तो वास आला आणि मला आधी आईची भाकरी आठवली, मग तुम्ही. त्या मैदानावर गाडी त्यानंच चालवत नेली, मी मागं बसलो होतो. फाटकाच्या अलीकडं मी त्याला उतरवलं आणि हँडल आपल्या हातात घेऊन, ढकलत, एकटा आत गेलो. केस नीट केले होते.

पोरं गोळा झाली. कुणी टाकीवरून हात फिरवतंय, कुणी मोबाइलवर घ्यायलंय. एका पोरानं फार आदरानं विचारलं, "निम्मप्पा एण्णी एष्ट हाकतिद्रू?" तुमचे अप्पा एण्णी किती घालायचे, असं. मी ताठ झालो. म्हणालो, "हे बघ, आमच्या अप्पांनी जन्मात दारूला हात लावला नाही." सगळं मैदान हसलं. पोरगं बिचारं ओशाळलं. "न्हाई हो काका, गाडीत म्हणालो. पेट्रोलात तेल किती घालत व्हते?" असल्या गाडीशेजारी उभं राहून एण्णी म्हणजे तेल हे ज्याच्या लक्षात येत नाही, त्याचं आणि त्या गाडीचं नातं काय ते सगळ्यांना दिसलं. मला तर ते माप माहीतच नव्हतं. मग मी हसून सावरलं आणि बोलत सुटलो. अप्पा तेल ओतायचे, म्हणालो, आणि मी हँडल धरून गाडी झुलवायचो. अप्पा म्हणायचे, आजून. कच्च्या वाटेवर त्यांनी मला शिकवलं. त्यांचा जुना पायजमा घालून मी धुरळा उडवत जायचो. पोरं भारावून ऐकत होती. मी पायजमासुद्धा सोडला नाही, अप्पा.

ते कुणीतरी मोबाइलवर टाकलं आणि फिरत फिरत जनवाड्याला पोचलं. अक्काचा फोन आला. ती म्हणाली, "आरं, चांगलं बोललास की. अप्पाचं 'आजून' तर आगदी तसंच काढलास." मी म्हणालो, "अक्का, ते बोलता बोलता..." ती म्हणाली, "आसू दे. गाडी बरी हाय का? आवाज तसाच हाय का रं?" एवढंच. भांडली असती तर मी चार शब्द उलट बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. तिनं गाडीचीच चौकशी केली, माणसाची करावी तशी. इतक्या वर्षांत तिनं गाडी मागितली नव्हती आणि मला ती द्यावीशी वाटली नव्हती. त्या फोननंतर मात्र जिन्याखालून जाताना मला गाडीकडं बघवेना.

शेवटी टेम्पो केला. गाडी दोरानं बांधून हुमनाबादवरून बिदर, तिथून जनवाडा. अक्का अंगणातच होती, गुडघे दुखतात तिचे, केस पार पांढरे झालेत. टेम्पोकडं बघून म्हणाली, "चालवत न्हाई आनलास? कामून?" आणि मी, या वयात, म्हणालो, "पेट्रोल संपलं, अक्का."

गाडी खाली उतरवल्यावर अक्कानं पदर खोचला, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि जुन्या सवयीनं गाडी डावीकडं-उजवीकडं झुलवली. टाकीत पेट्रोल चांगलं डचमळलं. टेम्पोवाल्याला ऐकू गेलं, मला गेलं. अक्का मान तिरकी करून ऐकत राहिली, अगदी तुमच्यासारखी, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "व्हय, पार संपलंय बघ." तिनं किक हलकेच दोनदा दाबून पाहिली आणि मग पाय टाकला. गाडी चालू झाली. टिणिंग, टिणिंग. अंगणभर निळा धूर झाला आणि त्यात डोळे पुसायला तिला कारण मिळालं. मला म्हणाली, "बस मागं." मी बसलो. शेताकडच्या वाटेनं ती मला घेऊन गेली, हळूच, खड्डे चुकवत, आणि मी तिच्या खांद्याला धरून बसलो होतो. माझं केसांकडं लक्ष नव्हतं, एवढं तुम्हाला सांगावंसं वाटतं.

कागद तिच्या नावावर करून दिलेत. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही म्हणूनच एवढं लिहू शकलो, आणि म्हणूनच एक राहिलेलंही सांगून टाकतो. गल्लीत सगळे विचारतात, काका, गाडी कुठाय. मी सांगतो, बहिणीला दिली. तेवढ्यावर थांबावं की नाही. पण परवा पुन्हा तोंडातून गेलं, की मी ती जनवाड्यापर्यंत स्वतः चालवत नेली.