खळग्याचा दगड

नार्वे, डिचोली
१२ ऑगस्ट

प्रिय साईश,

बाबांचा धारेचा दगड पाठव, मधला खळगा घासून मी तो सपाट करतो, असं तू फोनवर म्हणालास त्याला आठ दिवस झाले. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आज सांगते.

वस्तऱ्यानं दाढी करायला शिकतोयस, आधी त्याचं. वाचनालयात या विषयावर पुस्तक नव्हतं, म्हणून चष्मा लावून मोबाईलवर वाचलं. नवशिक्यानं पाच-सहा दगडांची पेटी घेऊ नये. धार बसवायला एक हजार नंबरचा आणि ती गुळगुळीत करायला आठ हजारचा, एवढे पुरेत. शिवाय या दोघांना सपाट ठेवणारा एक खरखरीत दगड हवाच. तो स्वस्तातला बघू नकोस. तोच वाकडा निघाला तर बाकीचेही वाकडे करील. दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, पाणी घालून घासायचं, सगळ्या रेघा गेल्या की झाला सपाट. नव्या दगडालाही हे करावं लागतं म्हणे. वस्तरा दगडावर आडवा टेकतो, पाठ आणि धार दोन्ही. मध्ये खळगा असला की धार सारखी लागत नाही आणि दाढी ओढते.

हे वाचलं आणि मी चष्मा काढून बाजूला ठेवला. बाबांची दाढी वीस वर्षं ओढत होती ती माझ्यामुळे! ते सुर्ल्याला खाणीवर ट्रक घेऊन गेले की मी त्यांच्या दगडावर मासळीची सुरी घासायची, कधी कोयतीसुद्धा. बरोबर मधोमध. मग पुसून होता तसा त्यांच्या दाढीच्या पेटीत. रविवारी ते खिडकीशी आरसा टांगून बसायचे आणि ओरडायचे, "ह्या दगडाक झालां तरी काय गो?" मी आतून सांगायची, साबण बदला. बिचाऱ्यांनी चार साबण बदलले.

शेवटच्या चार वर्षांत कुरकुर थांबली. दगडही पेटीत जायचा बंद झाला, मोरीपाशीच पडलेला असायचा. मला वाटलं, वय झालं, विसरतात.

परवा तुझ्यासाठी ती पेटी उघडली. ते गेल्यापासून तीन वर्षं मी तिला हात लावला नव्हता. वस्तऱ्याखाली, जुन्या बनियनच्या तुकड्यात, दुसरा दगड. काचेसारखा सपाट. सोबत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी: "ह्यो माझो. तो तुझो. धुवून ठेव, बांगड्याचो वास येता."

मी तिथंच खाली बसले आणि किती वेळ हसत होते कोण जाणे. सगळं ठाऊक असून माणूस एक शब्द बोलला नाही.

वस्तरा आणि सपाट दगड शिवदासकाकांबरोबर पाठवतेय, ते शुक्रवारच्या बसनं पुण्याला येतायत. ते दोन्ही तुझे. खळग्याचा मात्र देणार नाही, आणि चतुर्थीला आलास की त्याला तुझा खरखरीत दगड लावायचा नाही. हे फोनवर सांगताना माझा आवाज फिरला असता आणि तू उगाच रजा टाकून धावत आला असतास, म्हणून पत्र. मी बरी आहे. आज बांगडे आणलेत, सुरीला धार लावून झाली. आता दगड धुवून ठेवते.

तुझीच,
आई