दुसरी किल्ली

गुरुवार, ८ जानेवारी २००४

बैल आणायला गेलो आणि गाडी घेऊन आलो! डोकं फिरलंय आमच्या मालकांचं.

निरगुडसरला एका म्हातारीकडं जोडी आहे असं कळलं होतं. मोटरसायकलवर गेलो, हाडं खिळखिळी झाली. तिथं बैल नाही, गाय नाही, शेळीसुद्धा नाही. म्हातारी एकटी, प्रयागबाई नाव. गोठा मात्र सारवून लख्ख. आणि आत गव्हाणीकडं तोंड करून ही गाडी उभी! तांबडी, बसकी, दोनच दारं. मुंबईच्या शेटलोकांची शर्यतीची गाडी. तिच्या मुलानं, संपतनं, जुनीच आणलेली. मुलगा कुठंय विचारलं तर म्हणाली, "येनार हाय."

मालकांनी बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा गाडीवरून हात फिरवला. तीस वर्षं बेल्ह्याच्या बाजारात गुरांची दलाली केलेला माणूस. दोन वर्षं झाली जुन्या जीपा-टेम्पोही विकतात, पण हात अजून बैलाचाच. भाव करायला उपरणं पुढं केलं, त्याच्याखाली बोटं धरायला. म्हातारी म्हणाली, "तोंडानं बोला भाऊ. आन् रुपया कमी व्हनार न्हाई. दोनदा इकली हिला, दोनदा माघारी घेतली. भाव त्योच!"

घेतली. किल्ली एकच दिली.

"दुसरी?"

"हरवली."

मी गोठ्यात बघत होते. भिंतीला खुंटी, खुंटीला दावं टांगलेलं. नवं कोरं. जनावर एक नाही, मग दावं कुणाला? विचारणार होते, पण मालकांनी आत बसून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. लहान पोरासारखं!

गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. गुडघे हनुवटीला लागले. मोटरसायकल तिथंच राहिली, ती आणायला उद्या परत खेप.

शनिवार, १० जानेवारी

गाडी बघायला अख्खी आळी. एक जण म्हणतो, "चांगदेवभाऊ, मागं बसायला जागाच न्हाई, पोरं कुटं ठिवायची?" मालक म्हणतात, "पोरगी सासरी गेली. आता आमी राजाराणी!" पन्नाशीचा राजा. चहा करून करून माझी साखर संपली.

सोमवार, १२ जानेवारी

बाजारात गाडी विकली. खोडदच्या दादाभाऊनं घेतली, दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्यांच्या रस्त्याला ज्याचा मळा आहे तो. दिलेल्या भावावर दहा टक्के आले. मालक खूश.

दादाभाऊ किल्ली घेताना म्हणतो, "भाऊ, दावं ठिवलं का घरी?" सगळे हसले. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. दावं गेलं की गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. सासूबाई तर म्हणायच्या, दावं घरी राहिलं तर विकलेलं जनावर वाट काढत माघारी येतं.

मालक म्हणाले, "गाडीला कसलं दावं पावणं? बिनघोर न्या."

गेली एकदाची. बरं झालं.

गुरुवार, २२ जानेवारी

दादाभाऊ गाडी घेऊन हजर. तोंड पांढरंफटक.

"चांगदेवभाऊ, तुमची गाडी तुमाला लखलाभ. कमी द्या, पन ठिवून घ्या."

मी म्हटलं, काय मोडलं का? म्हणाला, "वैनी, मोडायला ती आमच्याकडं ऱ्हाती कुटं!" दहा दिवसांत तीनदा गेली. भर दुपारी, माणसं जेवून आडवी झाली की. किल्ली ह्याच्या खिशात, आणि गाडी निरगुडसरला म्हातारीच्या गोठ्यात. कुणी चोरली म्हणावं तर कांदा काढणाऱ्या बायांनी वाटेत बघितली. हळूहळू चालली होती म्हणे, गाय घरी जाते तशी. आत कुणी नव्हतं.

मी म्हटलं, बायांनी काय बघितलं उन्हातानाचं! पण तो पाणीसुद्धा न पिता गेला.

मालकांनी पुरे पैसे दिले त्याला. मी चिडले तर म्हणाले, "अगं, चार गिऱ्हाईकं थांबल्यात तेवढ्याच पैशाला! झुंबर, आपले केस गेले, दात पडले. हिचा भाव तेवढा पडला न्हाई." आणि हसत बसले.

सोमवार, २६ जानेवारी

गिऱ्हाईक आलं होतं. मालक विकत नाहीत म्हणाले. स्वतःच चालवणार म्हणे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणून लिहिते. खताच्या दुकानात मिळालेली ही डायरी पुढं कोरीच राहिली असती, पण हे सांगायचं कुणाला? मला येडी म्हणतील.

दुपारी मालक ओसरीवर घोरत होते. सदरा खिळ्याला, किल्ली सदऱ्यात. मी ज्वारी पाखडत होते. अंगणात गाडी हलली. आवाज नाही, धूर नाही. मागं सरली, वळली आणि गेली. कुत्रं बघत राहिलं, भुंकलं नाही.

मालकांना लाथ मारूनच उठवलं.

मोटरसायकलवर निरगुडसर. गाडी गोठ्यात, गव्हाणीकडं तोंड करून. प्रयागबाई तिच्या चाकावर पाणी घालत होती. मग भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. लांबून घरी आलेल्या माणसावरून टाकतात तसा. मग वाकून आत बघितलं. नीट बघितलं, खालीवर. आणि उठली.

"न्हाई आला," म्हणाली. आम्हाला नाही, स्वतःलाच.

मी म्हटलं, कोण आला नाही?

म्हणाली, "माझा संपत. तीन वरीस झाली. सकाळी गाडी घिऊन गेला, जेवायला येतो म्हनला. जेवायच्या टायमाला गाडी आली. त्यो न्हाई. गाडी आली म्हंजी त्यो बी यील की! एका येळंला आनील ती त्याला."

मी खुंटीकडं बघितलं. दाव्याच्या गाठीत किल्ली बांधलेली. दुसरी. हरवलेली!

मी म्हटलं, म्हातारे, खोटं बोललीस. दे ती इकडं.

"दावं कुनी देतं व्हय बाई? दावं दिल्यावर त्यो कुटं यील?"

मालक मधे पडले. म्हणाले, ऱ्हाऊ दे, आपल्याला एक किल्ली बास. आणि गाडीशी बोलत बोलत घरी आणली. "चला बाई, चला." जनावराशी बोलतात तसं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मालक रोज गाडी काढतात. बाजार नाही, बैल नाही, काही नाही. आज विचारलं, कुठं जाता? म्हणाले, "मी न्हाई जात. रांजणीच्या वळनावर मी हात सोडून देतो. तीच जाती. लई गुनाची हाय."

चाकावरून हात सोडतो म्हणे! भांडले. जेवले नाहीत.

सोमवार, ९ फेब्रुवारी

बाजाराचा दिवस, आणि मालक बाजारात नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी आले. मऊ आवाजात बोलायला लागले. मला हा आवाज माहीत नाही.

"रस्त्यानं एक मानूस चालतो पुढं. पाठमोरा. पांढरा शर्ट. हॉर्न दिला तरी बगत न्हाई. गाडी त्याच्यामागं जाती, पन गाठ पडत न्हाई. पयल्या दिशी लांब व्हता, त्या आंब्यापाशी. आज इतका जवळ व्हता, शर्टाची शिवन दिसली."

मी म्हटलं, कोण आहे तो?

"दोन दिसात गाठतो. मंग बगतो तोंड."

मी उठून दाराला कडी घातली. मी काही भित्री नाही. सापाला चिमट्यानं धरून बाहेर टाकलेली बाई आहे मी. पण ते असं बोलले, जणू पाहुण्याच्या गावी निघालेत.

मंगळवार, १० फेब्रुवारी

किल्ली लपवली, पिठाच्या डब्यात. गाडी दुपारी निघाली. मालक पळत जाऊन चालत्या गाडीत बसले. दार आपोआप उघडलं. मी बघितलं! आतून उघडलं.

परत आले तेव्हा अंधार पडला होता. म्हणाले, "हातभर ऱ्हायला."

बस झालं. ही गाडी त्या खुंटीला बांधलेली आहे. दावं तिथं आहे तोवर ती ह्यांना ओढून नेणार, आणि एक दिवस त्या संपतसारखं कुठंतरी ठेवून येणार. उद्या दावं काढून आणते. म्हातारी देत नसली तर हिसकून आणते. आपल्या गोठ्यात बांधते. मग कशी जाते बघू.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आणलं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं गेले. मालकांना पारगावला लग्न आहे म्हणून थाप मारली. म्हातारी चुलीपाशी होती. सरळ गोठ्यात गेले, खुंटीवरून दावं काढलं, किल्लीसकट. ती मागनं आली. मला वाटलं बोंब मारेल. नाही. हात जोडून उभी राहिली.

"बाई, नगं निऊस. गाडी तुज्याकडं यील बघ."

मी म्हटलं, येऊ दे की! मला तेच पाहिजे.

"गाडी यील," परत म्हणाली. "मी गाडी म्हनते, बाई."

मला वाद घालायला वेळ नव्हता, एसटी चुकली असती. म्हणाले, तुझा मुलगा गेला म्हणून माझा नवरा का जावा? ती खाली बसली. मी निघाले. मागं बघितलं नाही.

घरी आले तर मालक नव्हते. गाडीही नव्हती. दावं आमच्या खुंटीला बांधलं, बैलांच्या शेजारी. घट्ट, दोन गाठी मारून. आणि अंगणात बसले.

जेवणाच्या वेळेला आमचे दोन्ही बैल उठून उभे राहिले. मालक आले की उठतात तसे. म्हटलं, आले! गाडी वळली, फाटकातून आत आली आणि सरळ गोठ्यात जाऊन उभी राहिली. गव्हाणीकडं तोंड करून.

मी पळत गेले.

आत कुणी नव्हतं. मशीन गार. मालकांचं उपरणं घडी घालून शेजारच्या सीटवर. खाली चपला, जोडून ठेवलेल्या.

बैल बसले नाहीत. गाडीकडंच बघत राहिले.

सोमवार, १६ फेब्रुवारी

पोलीस पाटील, भाऊबंद, सगळे शोधून आले. विहिरी बघितल्या. उसात हाका मारल्या. लोक म्हणतात बिबट्यानं नेलं. मी म्हटलं, बिबट्या चपला जोडून ठेवायला सांगतो का?

लेक मोहिनी सासरहून आलीय. रडते. मला रडू येत नाही, रागच येतो. मी ते दावं तिथंच राहू दिलं असतं तर गाडी तिकडं गेली असती. तेही तिकडं सापडले असते. नाहीतर नसते सापडले. डोकं चालत नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

प्रयागबाई आली. एसटीनं, एकटी, फडक्यात भाकरी बांधून. मला वाटलं भांडायला आली.

बसली. मला भाकरी वाढली, माझ्याच घरात! मी खाल्ली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

गोठ्यात जाऊन गाडीच्या आत बघून आली. सवय.

"उबी करून ठिवलीस," म्हणाली.

मी म्हटलं, मग काय करू? पेटवून देणार आहे.

"पेटवू नगं! उबी ऱ्हायली तर कुनाला आनील? ती जायाला पायजे, मंग येती. म्हनून तर इकत व्हते मी. पैशासाटी व्हय? मला काय करायचेत पैसं?" फडकं झटकून घडी केली. मग म्हणाली, "त्या पांढऱ्या शर्टाचं बोलले का गं तुजे मालक? आदीची गिऱ्हाइकं बी बोलायची. शिवन दिसली म्हनले? ती मीच घातलेली. हातानं."

तेव्हा मला तिची दया आली. पण जाताना तिनं हात पुढं केला.

"दावं दे माझं."

मी म्हटलं, नाही.

एकदाच मागितलं तिनं. परत मागितलं नाही. तिला माहीत होतं.

सोमवार, १ मार्च

मंचरचा मुलगा आला होता गाडी बघायला. नवीन लग्न झालंय, बायकोच्या हाताची मेंदी अजून तांबडी. बायको आत बसून आरशात बघत होती. भाव तोच सांगितला, रुपया कमी केला नाही. घेऊन गेला.

दुसरी किल्ली मागत होता. हरवली म्हणाले.