गुंतवळाची पिशवी

आई, आज तुझं बाथरूममधलं कपाट आवरलं. अजून मी ते तुझंच म्हणते, जरी गेली कित्येक वर्षं त्यात बाबांचं दाढीचं सामान, फिनेलच्या बाटल्या आणि मी दर सुट्टीत आणून टाकलेलं काहीबाही कोंबलेलं होतं. इंदिरानगरच्या या घरात राहायला आलो तेव्हा भिंतीतलं कपाट मिळालं म्हणून तुला केवढा आनंद झाला होता. मग तू त्यात काय काय साठवलंस, ते आज माझ्या कमरेला विचार. पण आवरणं भागच होतं. बाबा आता बिछान्यावरच असतात. त्यांचे डायपर, हातमोजे, पावडर, मलमं, सगळं हाताशी लागतं, आणि त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशींनी काल स्पष्टच सांगितलं की ताई, एक कप्पा तरी मोकळा करून द्या.

म्हणून सकाळी बादली उपडी घालून तिच्यावर बसले. वरच्या कप्प्यात झिजलेल्या साबणांचे तुकडे निघाले, नव्या साबणाला चिकटवायला ठेवलेले. फण्या घासायचे जुने ब्रश, आतून चिकटून गेलेली गरम पाण्याची रबरी पिशवी, उटण्याच्या अर्ध्या पुड्या. एक वस्तू टाकशील तर शपथ. मी मात्र भराभर टाकत सुटले, कारण हात थांबला की रडू येणार हे मला ठाऊक होतं. खालच्या कप्प्यात, अगदी मागे, जुन्या पायपुसण्यांखाली दुधाची एक धुतलेली पिशवी सापडली. सुतळीने तोंड बांधलेलं. हाताला मऊ लागली, आणि उघडायच्या आधीच मला कळलं की आत तुझे केस आहेत.

तू बाथरूमच्या दारातच पाट टाकून विंचरायला बसायचीस. फणीत आलेलं गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायचं, त्याचा गोळा करायचा, पिशवीत टाकायचा. अधूनमधून केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत यायची. तू पायरीवर बसतेस, ती पिशवी हातात तोलून बघते, एवढ्यात वाटीच बसेल म्हणते, आणि तू केस बोटावर उलगडून त्यांची लांबी तिच्या नाकासमोर धरतेस. माझा शाळेचा डबा असाच आला होता. मैत्रिणींना सांगू नकोस म्हणून मी तुझ्या किती विनवण्या केल्या होत्या. एकदा घर आवरताना अशी पिशवी मी कचऱ्यात टाकली, तर तू ती शोधून परत आणलीस. रागावलीस की तुझ्या बोलण्यात तुझं माहेर, देवळा गाव, उतरायचं. म्हणालीस, "माझ्या डोक्यावरचं हाय ते. तुला काय जड झालं त्याचं?" मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस.

पुढे ती सलाईनमधून द्यायची औषधं सुरू झाली आणि केस फणीत नाही, उशीवर यायला लागले. मला बघवायचं नाही. तू मात्र उठल्या उठल्या ते वेचून घ्यायचीस, जणू रोजचंच काम. एका सकाळी पिशवी वर धरून मला दाखवलीस आणि म्हणालीस, "लय जमले गं. या खेपेला परातच घेऊ." मी हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. ती बाई पुन्हा आली तेव्हा तू नव्हतीस. तेरावा नुकताच झाला होता. तिने सवयीने तुला हाक मारली. बाबा दारात गेले आणि म्हणाले, आता आमच्याकडे केस नाहीत. मला वाटलं, तिची कटकट नको म्हणून म्हणाले असतील.

पण आजच्या पिशवीची गाठ बाबांच्या हातची होती, आणि आत डांबरगोळ्या होत्या. तू केसांत कधी डांबरगोळ्या घातल्या नाहीस. त्या विरून जातात, तरी यातल्या काही अजून चांगल्या मोठ्या होत्या. म्हणजे हातपाय चालत होते तोवर बाबा पिशवी सोडून त्या बदलत होते, आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. मी एक गोळा तळहातावर घेतला. काळाभोर. माझी वेणी केव्हाच पांढरी झाली, आई. तुझं वय मी कधीच मागे टाकलं. तू आता माझ्यापेक्षा लहान आहेस, आणि हे कळल्यावर मी त्या बादलीवर बसून लहान मुलीसारखी रडले.

बाबांनी आतून विचारलं, काय सापडलं? मी पिशवी त्यांच्या हातात दिली. कोरोनात त्यांचा वास गेला तो परत आलाच नाही. तरी त्यांनी ती नाकाशी धरली, बराच वेळ धरली, आणि मग माझ्यापुढे केली.

"मला येत नाही. तू बघ. माक्याचा वास येतो का गं?"

माहेराहून तुला बांधावरचा माका यायचा आणि तो तू खोबरेल तेलात कढवायचीस, तेच तेल ते विचारत होते. मी वास घेतला.

"येतो," म्हटलं.

"अजून?"

"अजून."

त्यांनी डोळे मिटले. इतकं समाधानी मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. पिशवी त्यांनी स्वतःच उशाखाली सरकवली. कपाट आता छान दिसतंय, मावशीही खूश आहेत. हा कागद मात्र त्यात ठेवणार नाही, तिथे आता मावशींचा हात असतो. फाडूनच टाकेन बहुतेक.

वास फक्त डांबरगोळ्यांचा होता, आई. पण ते खोटं मला लागलं नाही. लागलं ते वेगळंच. माक्याचा वास खरोखर आला असता, तरी तो तुझा म्हणून मला ओळखता आला नसता. तो कसा होता, ते मला आता आठवत नाही.