कॉलर बसली, बाह्या ढगळ

तीर्थरूप आप्पा,

तुमच्या कात्री धरणाऱ्या हातांना नमस्कार.

शर्ट पोचला. फोटोवरून माप घ्यायची तुमची खोड काही जात नाही! पण कॉलर अगदी बरोबर बसली. माझं तोंड भरलेलं पाहून आई खूश असेल, असू दे. बाह्या तेवढ्या ढगळ झाल्या.

चूक तुमची नाही. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या कधीपासून चालू आहेत. त्यांनी तोंड सुजतं आणि दंड वाळतात. फोटोत दंड आलेच नव्हते.

नोकरी टिकून आहे. गोदामात ओझी उचलणं बंद झालं, आता बसून लेबलं चिकटवतो. परवा तिथेच छातीत धडधड सुरू झाली, ठोके कसेही पडायला लागले. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, गोळ्या कमी करायला हव्यात. दम्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, एकदम सोडल्या तर जिवाशी खेळ होईल. त्यांचं एकमत होईपर्यंत मी आपला मुकाट गिळतो.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला एवढंच सांगा, कॉलर बसली.

दुसरा शर्ट एवढ्यात कापायला घेऊ नका. मी आलो की समोर उभं करून माप घ्या. छातीवर टेप धराल तेव्हा हाताला ठोके लागतील, मधेच एखादा चुकेल. दचकून टेप सोडू नका, आप्पा. जरा थांबा. आजवर तरी पुढचा आलाय.

तुमच्याच मापाचा,
धाकटा