कार्डाची खरखर

३ नोव्हेंबर
खरखर आहेच! कॉम्प्युटर उघडला, साउंड कार्ड काढून पुसलं, दुसऱ्या खाचेत बसवलं. तरी रेकॉर्ड केलेल्या आईच्या गाण्याखाली सतत वाजत राहते. माउस हलवला की वर चिर्र.

आई गायली हेच नवल. इतकी वर्षं एकच उत्तर — "मांडव नाय, नवरी नाय, गानी कोनाला गाऊ? अपशकुन व्हतो." मांडवात आता डीजे वाजतो. श्रावणात सत्यवती मावशी गेली. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाची सगळी गाणी येणारी आता आमच्या होळी गावात आईच उरली. मी जन्मभर कॉलेजात कविता शिकवली. यातलं एकही गाणं मला येत नाही.

परवा आपणहून म्हणाली, "घे बाय तुजा माइक." मावशीच्या जाण्याने हलली असेल.

५ नोव्हेंबर
मामेभाऊ भावेश येऊन गेला. लग्नांत डीजे लावतो. हेडफोन कानाला लावला, लगेच काढला.

"ताई, आतलं कार्ड आता कोण वापरतं? पंखा, डिस्क, सप्लाय — सगळ्यांच्या गर्दीत बसलंय ते. बाहेरचा डबा घे. यूएसबीवाला."

मी वाद घातला. हे कार्ड मी निवडून घेतलं होतं. चांगलं आहे. बाहेर लोंबणाऱ्या वायरी मला आवडत नाहीत.

"कार्ड चांगलंच आहे गं. जागा वाईट आहे."

आई आतून ओरडली, "तूच डीजे लावून माजी गानी बंद पाडलीस, मेल्या!"

"म्हणून तर आत्या, फुकट सल्ला देतोय."

८ नोव्हेंबर
आज गाणं नाही. आईचा घसा सुकतो म्हणे. भाजीच्या बागेत धूळ फार.

११ नोव्हेंबर
डबा आला. मुठीएवढा. कार्ड काढून कपाटात ठेवलं. हरले. वाईट वाटलं.

निदान शकुन म्हणून टेबलावर आंब्याच्या पानांचा टाळा बांधला, मांडवाला बांधतात तसा. आई हसत सुटली. "कॉम्प्युटरचं लगीन लावतेस? नि नवरा कोन, ह्यो डबा?" हसता हसता खोकली. मग मांडवासाठी उंबराची फांदी आणायला जातानाचं गाणं म्हणाली, सबंध. मध्ये बऱ्याचदा थांबली.

१२ नोव्हेंबर
सकाळी ऐकायला बसले. भावेशचं खरं निघालं. आई गात नाही तिथे काही म्हणजे काही नाही. माउस हलवला — शांत. पंखासुद्धा नाही.

आई गाऊ लागली की मात्र खरखर.

वायर बदलली. माइक बदलला. पुन्हा ऐकलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी, ती श्वास घेते तिथेच. श्वास आत जाताना बारीक, घासत. शेवटच्या कडव्यात जास्त.

कार्डाचा आवाज वर होता, म्हणून हा खाली झाकला गेला होता. इतके दिवस मी स्क्रू काढत बसले.

जुन्या फायलीही लावल्या. आता त्यांतही ऐकू येतं.

१३ नोव्हेंबर
आईला श्वासातल्या खरखरीबद्दल विचारलं. मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर केली नाही.

"मला ठाव हाय गो. नायतर मांडव नसताना गायले असते?"