पुढची सीट

ती. ताईस,

उभ्या उभ्याच नमस्कार करतो, वाकवत नाही. तुझा गुडघा आता बरा असेलच. सायकल सहलीच्या आदल्या दिवशी तो धरला आणि आम्ही निघाल्याबरोबर सुटला, असं भावोजींकडून कळलं. असो. दोघे भाऊ आठवडाभर एका सायकलवर बसले की आपोआप बोलायला लागतील, ही कल्पना तुझी. आम्ही बोललो. तिसऱ्या दिवशी गटप्रमुखाने हात जोडले.

पहिलं भांडण सीटवरून. दोघांनी मिळून चालवायच्या या सायकलीत हँडल आणि ब्रेक पुढच्याकडे असतात. मागच्याने नुसतं पायडल मारायचं आणि पुढच्याची पाठ बघायची. थोरला मी, म्हणून पुढे मी. धाकटा म्हणे, आळीपाळीने बसू. दुकानात इतकी वर्षं शेजारी बसून काय झालं ते तुला माहीत आहे. मी दुरुस्त केलेला प्रत्येक वजनकाटा मी घरी गेल्यावर हा पुन्हा खोलतो (शेजारच्या चावीवाल्याने मला स्वतः सांगितलं). वडिलांच्या खुर्चीत बसून मी बत्तीस वर्षं सोनारांचे काटे शून्यावर आणले, आणि माझ्या पाठीमागे हे. ताई, मला ते फार लागलं आहे. म्हणून तर दुकानाची वाटणी.

दुसऱ्या दिवशी चढावर मला संशय आला की मागचा पायडल मारतच नाही. पुढून मागचे पाय दिसत नाहीत, पण आपण काटेवाले. जोखल्याशिवाय काही मानायचं नाही हे वडिलांनीच शिकवलेलं. मी हळूच पाय थांबवले, बघू सायकल चालते का. नेमका त्याच क्षणी त्यालाही माझा तोच संशय आला होता. सायकल अर्ध्या चढावर क्षणभर विचार करत उभी राहिली आणि आडवी झाली. तुझ्या दोन्ही भावजया (त्यांची सायकल वेगळी, आणि त्यांचं छान जमतं, कशामुळे जमतं ते मी विचारत नाही) हसत पुढे निघून गेल्या.

चौथ्या दिवशी गटप्रमुख म्हणाला, माझ्या लाल झेंड्यामागे या. मी इमानाने गेलो. सात किलोमीटरनंतर झेंडा एका गोदामात शिरला. लोखंडी सळ्या नेणाऱ्या टेम्पोला मागे बांधलेलं फडकं होतं ते. धाकटा मागून ओरडत होता, पण तो ओरडतोच.

सहाव्या दिवशी मी येतोय हे बघून रस्तादुरुस्तीवाल्यांनी डांबराचं पिंप मधोमध आणून ठेवलं. धाकट्याचं म्हणणं, पिंप सकाळपासून तिथेच होतं आणि बाकीच्या अकरा सायकली वळसा घालून गेल्या. माझं उजवं मनगट मोडलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही, यावरून काय ते समज.

मला मात्र त्यानेच धरून उठवलं. कित्येक वर्षांत त्याने मला हात लावला नव्हता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रोज संशय सहन करत जगण्यापेक्षा वेगळं झालेलं बरं. वाटणीचा कागद सोबत आहे. डोळे झाकून सही कर आणि लगेच पाठव.

तुझा,
थोरला भाऊ

ता. क. : हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून पत्र धाकट्याकडून लिहून घेतलं आहे. एक अक्षर बदललंस तर बघ, असं बजावून. त्याच्याकडून दोनदा मोठ्याने वाचूनही घेतलं.

ता. क. दुसरा : ताई, मी धाकटा. दादाने सांगितलं तसंच सगळं लिहिलं आहे, मला नावं ठेवली आहेत तीसुद्धा. एवढंच त्याला वाचून दाखवलेलं नाही. दादाला नीट दिसत नाही. वर्षभर झालं, त्याने शून्यावर आणलेला काटा चार-चार रेघा बाजूला असतो. गिऱ्हाईक त्याच्या नावावर येतं, ते नाव जाऊ नये आणि त्यालाही कळू नये, म्हणून मी तो गेल्यावर खोलतो. वाटणी झाली तर त्याचे काटे कोण बघणार? सही करू नकोस. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं तूच सांग, माझं तो ऐकणार नाही. आता समोरच बसलाय, कागदाकडे बघतोय. विचारतोय, अजून काय लिहितोस. पत्ता, म्हणालो.